तोच कोड चौथ्यांदा लिहिण्याआधी : गिऱ्हाइकाच्या कामातला सामाईक भाग खुला कसा करायचा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं बिलिंग, बार्शीच्या अडत्याची पट्टी आणि होटगी रोडवरच्या दवाखान्याची पावती. ही तीन कामं मी वेगवेगळ्या वर्षी केली. तिन्ही ठिकाणी कागदाच्या तळाशी 'अक्षरी रुपये' छापायचं होतं. तिन्ही वेळा मी तोच कोड नव्याने लिहिला आणि दोन वेळा 'शंभर' आणि 'एकशे' यांच्यात तीच चूक केली. चौथं काम आलं तेव्हा ठरवलं, हा तुकडा एकदाच नीट लिहायचा आणि सगळ्यांसाठी खुला करायचा, म्हणजे कुणीही घेऊन वापरू शकेल असा नेटवर ठेवायचा.

सोलापुरात आमच्यासारखी दोन-तीन जणांची ऑफिसं बरीच आहेत. इंजिनिअरिंग संपवून पुण्याला न जाता इथंच कामं धरणारी मुलंही आहेत. प्रत्येक जण जीएसटी क्रमांकाची तपासणी, लाख-कोटीचे स्वल्पविराम आणि आर्थिक वर्षाप्रमाणे बदलणारा बिल नंबर स्वतःचा स्वतः लिहितो. हा वेळ वाचवता येतो. फक्त त्या कोडमागे कुणाचा तरी धंदा आणि कुणाचे तरी पैसे असतात, म्हणून पायऱ्या चुकवून चालत नाही. मी आता ज्या क्रमाने हे करतो तो क्रम इथे देतो.

काय उचलायचं आणि काय हात लावायचा नाही

माझी कसोटी साधी आहे. तुकडा बाजूला काढा आणि गिऱ्हाईक कोण हे न सांगता मित्राला वाचायला द्या. वाचून त्याला कारखान्याचा धंदा कळला, तर तो तुकडा खुला करायचा नाही. मजुरीचा हिशोब कशावर धरला जातो, कोणत्या पार्टीला किती सूट, उधारी किती दिवसांची, दलालाची टक्केवारी काय, हे सगळं मालकाचं आहे. ते नियम त्याने वर्षानुवर्षं बाजारात शिकून बसवलेले असतात.

उलट जीएसटी क्रमांकात १५ अक्षरं असतात, पहिली दोन राज्याची (महाराष्ट्राची २७), पुढची १० पॅनची आणि शेवटचं अक्षर तपासणीचं, हे देशभर सारखंच आहे. बिलाचा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा नको आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये, हा नियमही सगळ्यांना सारखा. असले तुकडे खुले करायला योग्य.

मराठीसाठी आणखी एक काम फार गरजेचं आहे. 'दुसऱ्या'मधला अर्धा र संगणकात दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात, पण शोध घेतला की एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. आपल्या शहरात तर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे व्यापारी एकाच खातेवहीत असतात, आणि एकाच पार्टीचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. नावं एकसारखी करून घेणारा छोटा तुकडा कुणी नीट लिहून खुला केला, तर त्याचे उपकार होतील.

दोन वेळा वापरलेला कोड लगेच उचलू नका. तिसऱ्या कामात तो जसाच्या तसा चालला, तर तो खरोखर सामाईक आहे असं समजा.

कोड कुणाचा आहे, हे आधी कागदावर पाहा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. 'पैसे दिले म्हणजे कोड आमचा' असं गिऱ्हाईक धरून चालतं आणि 'मी लिहिला म्हणजे माझा' असं आपण धरून चालतो. कायदा या दोन्हींच्या मधे आहे.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. कलम १७प्रमाणे सर्वसाधारणपणे पहिला मालक म्हणजे ज्याने लिहिलं तो. पण तुम्ही पगारी नोकरीत असाल आणि नोकरीचा भाग म्हणून कोड लिहिला असेल, तर वेगळा करार नसेल तोपर्यंत मालक कंपनी. म्हणजे कंपनीत असाल तर तुमच्या सहीने काहीच खुलं होत नाही, कंपनीची लेखी परवानगी लागते. सरकारी खात्याच्या देखरेखीखाली केलेल्या कामातही वेगळा करार नसेल तर पहिली मालकी सरकारची असते.

स्वतंत्रपणे काम घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो नोकर नाही, त्यामुळे लेखी हस्तांतरण केलेलं नसेल तर कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो. हस्तांतरण कसं व्हावं ते कलम १९ सांगतं : ते लेखी हवं, हक्क देणाऱ्याची सही हवी, कोणती कृती आणि कोणते हक्क ते लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं.

हे वाचून लगेच गिऱ्हाइकाकडे जाऊन 'कायद्याने कोड माझा' असं सांगू नका. तुमची बाजू बरोबर असली तरी तो माणूस दुखावेल आणि पुढचं काम जाईल. कायदा माहीत हवा तो स्वतःच्या करारात काय लिहायचं आणि काय तपासायचं हे कळण्यासाठी. आपल्याकडचे बरेच करार नेटवरून उतरवलेले असतात. त्यात अमेरिकी कायद्यातली वाक्यं तशीच राहतात आणि सगळे हक्क, अगदी तुमच्या जुन्या कोडचेसुद्धा, गिऱ्हाइकाला दिलेले असतात. सही करण्याआधी ते कलम शोधा. तुम्ही आधीच सही केली असेल आणि त्यात सगळं लिहून दिलं असेल, तर तो कोड आता गिऱ्हाइकाचा आहे. तो खुला करायला त्याची लेखी परवानगी घ्या आणि परवान्यावर (कोड कोणत्या अटींवर वापरायचा ते सांगणाऱ्या मजकुरावर) हक्कधारक म्हणून त्याचं नाव लिहा.

नव्या कामाच्या करारात मी आता हे लिहितो :

'या कामासाठी खास लिहिलेला भाग, म्हणजे गिऱ्हाइकाचे दर, नियम, अहवाल आणि माहिती, पूर्ण पैसे मिळाल्यावर गिऱ्हाइकाच्या मालकीचा राहील. कोणत्याही व्यवसायात वापरता येतील असे सर्वसाधारण तुकडे लिहिणाऱ्याच्या मालकीचे राहतील. ते या सॉफ्टवेअरमध्ये कायम आणि विनामूल्य वापरण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असेल. लिहिणारा ते तुकडे खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करू शकेल, मात्र त्यात गिऱ्हाइकाचं नाव, माहिती किंवा व्यवसायाचे नियम असणार नाहीत. असे तुकडे कोणते, त्याची यादी सोबत जोडली आहे.'

यादी खरंच जोडा. नंतरचे वाद बहुतेक 'सर्वसाधारण' म्हणजे नेमकं काय यावरूनच होतात. काम मोठं असेल तर मसुदा वकिलाला दाखवा, तो खर्च वाया जात नाही.

सोबत काम केलेल्यांची मालकी विसरू नका. सुट्टीत येऊन विनापगार काम केलेल्या मुलाने एखादं फंक्शन लिहिलं असेल, तर त्याच्याशी काही लेखी ठरलेलं आहे का ते पाहा. नसेल तर एका कागदावर त्याची संमती घ्या आणि श्रेयात त्याचं नाव लिहा. नावावर त्याचा हक्क आहे.

मालकाशी बोलायचं कसं

'ओपन सोर्स' हा शब्द पहिल्या वाक्यात आणू नका. चादरी-टॉवेलच्या धंद्यातल्या माणसाला त्याचा अर्थ 'आमचं सगळं बाहेर जाणार' असाच लागतो. एका शेठनी मला सरळ विचारलं होतं, "काय सर, आमच्या पार्ट्यांची यादी नेटवर टाकणार व्हय?"

मी म्हणालो, "नाही शेठ. तुमच्या बिलावर खाली रुपये अक्षरी छापतो ना, तेवढंच. आकडा दिला की अक्षर देतं. त्यात तुमचं नाव नाही, दर नाही, पार्टी नाही."

मग त्यांच्यासमोर स्क्रीनवर तो तुकडा उघडून दाखवला. आकडा टाकला, अक्षर आलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो जास्त शहाणपणाचा होता, "मग आमचा फायदा काय?" फायदा खरा आहे आणि तो स्पष्ट सांगावा. दुसऱ्या कुणी चूक शोधली तर तुमचं बिलही दुरुस्त होतं. उद्या मी काम सोडलं, आजारी पडलो, तर तो भाग समजणारे इतर लोक असतात.

एखादा जास्त खोलात शिरला तर जँगोचं उदाहरण द्या. वेबसाइट बनवण्याची ही चौकट अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात, रोजच्या कामासाठी तयार झाली. २००५मध्ये ती खुली केली. पेपरच्या बातम्या पेपरकडेच राहिल्या, बाहेर गेलं ते फक्त पान तयार करायचं साधन. जवळचं उदाहरण हवं तर मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचं द्या. त्यांनी ईआरपीनेक्स्ट हे हिशोबाचं सॉफ्टवेअर सगळंच खुलं ठेवलं आहे आणि ते धंदाही करतात.

होकार मिळाला की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवा : कोणता तुकडा, कोणत्या परवान्याखाली. उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा मी पुरावा धरत नाही. आणि नकार आला तर तो तुकडा सोडा. त्याच कल्पनेवर पुढे कधीतरी, त्या कामाचा कोड समोर न ठेवता, स्वतःच्या वेळेत नवं लिहिता येतं.

वेगळं काढताना : जुना इतिहास सोबत नेऊ नका

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक इथलीच. एका गिऱ्हाइकाच्या प्रकल्पातला फोल्डर मी उचलला, नको त्या फाइली काढल्या आणि तो गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, चढवला. चालू फाइलींत काहीच वावगं नव्हतं. पण गिट हे कोडमधले बदल नोंदवणारं साधन प्रत्येक जुनी अवस्था जपून ठेवतं. आठ महिन्यांपूर्वीच्या एका कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) डेटाबेसचा पासवर्ड होता आणि चाचणीसाठी टाकलेली पार्ट्यांची यादी मोबाइल नंबरांसकट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राने फोन करून सांगितलं. मी आधी गिऱ्हाइकाला फोन केला, मग पासवर्ड बदलला, मग रिपॉझिटरी (गिटहबवरचा तो कोडसाठा) काढली. तो फोन करताना फार जड गेलं, पण तो करायलाच हवा होता. त्या लोकांचे नंबर माझ्या निष्काळजीपणामुळे बाहेर पडले होते.

म्हणून नवा माणूस असाल तर एकच पद्धत धरा : पूर्ण रिकाम्या फोल्डरात नवं रिपॉझिटरी सुरू करा आणि लागतील त्या फाइली एकेक करून, वाचत वाचत आत आणा. इतिहास ठेवायचाच असेल तर गिट फिल्टर-रेपो नावाचं साधन जुन्या कमिटमधून फाइली काढून टाकतं, पण ते चढवण्याआधी वापरायचं. एकदा कोड बाहेर गेला की लोकांनी घेतलेल्या प्रती तुमच्या हातात राहत नाहीत. बाहेर गेलेला पासवर्ड पुसून उपयोग नाही, तो बदलावाच लागतो.

चढवण्याआधी गिटलीक्ससारखं साधन चालवून लपलेले पासवर्ड शोधा. मग यंत्राला दिसत नाही ते डोळ्यांनी पाहा : टिप्पण्यांतली गिऱ्हाइकाची नावं, 'शेठनी सांगितलं म्हणून ५ टक्के' अशा ओळी, फाइलींची नावं, बिलाचा नमुना म्हणून ठेवलेलं चित्र, लोगो. चाचणीची माहिती सगळी बनावट हवी. खरी नावं आणि नंबर हा व्यक्तिगत माहितीचा भाग आहे आणि त्यासाठी २०२३चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे.

उसना आणलेला कोडही तपासा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचं उत्तर जसंच्या तसं चिकटवलं असेल, तर त्यालाही क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे आणि श्रेय देणं बंधनकारक आहे. विकत घेतलेला मराठी फॉन्ट सोबत जोडू नका. त्याऐवजी मुक्त परवान्याचे मुक्ता किंवा नोटो वापरा.

परवाना

परवान्याची फाइल नसलेला कोड सगळ्यांना दिसला तरी तो खुला नसतो. सगळे हक्क लेखकाकडेच राहतात आणि समोरचा प्रामाणिक माणूस तो वापरत नाही.

अक्षरी रुपयांसारख्या छोट्या तुकड्याला मी एमआयटी परवाना लावतो. तो पानभरसुद्धा नाही : नाव आणि परवाना राखा, मग हवं ते करा, हमी काही नाही. अपाची २.० लांब आहे, पण त्यात पेटंटबद्दलची परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे, म्हणून मोठ्या कंपन्यांना तो बरा वाटतो. जीपीएल वेगळ्या विचाराचा आहे : तुमच्या कोडवर उभं केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं, तर त्याचा सोर्सही त्याच अटींवर द्यावा लागतो. हा विचार मला मनापासून पटतो, पण एका फंक्शनपुरत्या तुकड्याला तो लावला तर आपल्याच शहरातले छोटे विकासक ते वापरायला घाबरतात. पूर्ण सॉफ्टवेअर खुलं करणार असाल तेव्हा जीपीएल जरूर घ्या, आणि ते सर्व्हरवर चालणारं असेल तर एजीपीएल (नेटवरून नुसतं वापरायला दिलं तरी सोर्स द्यायला लावणारा जीपीएलचा प्रकार) पाहा.

स्वतःचा परवाना रचू नका. 'फक्त चांगल्या कामासाठी वापरा' अशी ओळ घातली की तो ओपन सोर्सच्या व्याख्येतून बाहेर पडतो.

चाचण्या आणि रीडमी

अक्षरी रुपयांचंच उदाहरण पुढे नेतो, कारण मराठीत ते दिसतं तितकं सोपं नाही. इंग्रजीत वीसनंतर नियम लागतो. आपल्याकडे १ ते ९९ प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव, म्हणजे अख्खी यादीच लिहावी लागते. १९पासून ८९पर्यंत प्रत्येक नऊवाला आकडा 'एकोण'ने सुरू होतो, पण ९९ 'नव्व्याण्णव' होतो. १०० म्हणजे 'शंभर', पण १०१ म्हणजे 'एकशे एक'. १,१०० ला 'एक हजार शंभर' लिहायचं की 'अकराशे', हे ठरवून रीडमीत (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत) नोंदवा. शून्य रुपये ५० पैसे आले तर काय छापायचं? शेवटी 'फक्त' की 'मात्र'? प्रत्येक प्रश्नाची एक चाचणी लिहा.

पैशांचा हिशोब दशांश आकड्यात ठेवू नका. जावास्क्रिप्टमध्ये १९.९९ला १००ने गुणलं तर १९९९ येत नाही, १९९८.९९ आणि पुढे बरेच आकडे येतात. दशांशाच्या पुढचं तोडलं की बिलात एक पैसा कमी. सुरुवातीपासून पूर्णांकात पैसे, म्हणजे १९९९, असंच साठवा.

रीडमी आधी मराठीत लिहा. पहिल्या पाच ओळींत हे काय करतं, कसं बसवायचं आणि एक चालणारं उदाहरण. नंतर त्याचं इंग्रजी द्या, म्हणजे गुलबर्ग्याचा किंवा हैदराबादचा माणूसही आपल्या भाषेची यादी घालायला येईल. स्पेलिंगचे पर्याय मान्य असतील तर तेही लिहा, नाहीतर 'अठ्ठावीस' कसं लिहायचं यावरच पहिले दहा निरोप येतील.

बाहेर गेल्यावर

पहिली आवृत्ती ०.१.० ठेवा. वापरणाऱ्यांचा कोड मोडेल असा बदल केला की १.०.०नंतर पहिला आकडा वाढवायचा, नवी सोय आली की मधला, चूक दुरुस्त केली की शेवटचा. हे पाळलं नाही तर त्रास आधी तुमच्याच गिऱ्हाइकांना होतो.

गिऱ्हाइकाच्या सॉफ्टवेअरमध्ये आता जुना तुकडा काढून हीच खुली लायब्ररी बसवा, पण नेमक्या आवृत्तीला बांधून. मार्चअखेरीला कारखान्यात बिलं निघत असताना लायब्ररी आपोआप बदलता कामा नये. नवी आवृत्ती आधी आपल्या ऑफिसात, जुन्या बिलांच्या आकड्यांवर चालवून पाहायची.

प्रसिद्ध केलेलं पॅकेज (इतरांना उतरवून बसवता येईल असा कोडचा गठ्ठा) रागाने किंवा कंटाळून काढून टाकू नका. २०१६मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यावरून लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढलं आणि जगभरातल्या अनेक प्रकल्पांची बांधणी काही तास थांबली. पॅकेजच्या खात्याला दोन टप्प्यांची ओळखतपासणी लावा, कारण त्या खात्यातून आता दुसऱ्यांच्या संगणकावर कोड जातो.

अनोळखी माणसाने दुरुस्ती पाठवली तर लवकर उत्तर द्या, जमणार नसेल तर तेही सांगा. दुरुस्ती चाचणीसकट मागा. त्याने आपल्या गिऱ्हाइकाचं खरं बिल उदाहरण म्हणून चिकटवलं असेल तर ते आधी काढायला सांगा. वर्षातून दोनदा, मी दिवाळीनंतर आणि जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत, उघड्या प्रश्नांवर एक दिवस बसतो.

सांभाळणं थांबवायचं असेल तर रीडमीच्या पहिल्या ओळीत तसं लिहा, कुणी पुढे नेणारा आहे का ते विचारा, रिपॉझिटरी फक्त वाचण्यापुरती ठेवा. आणि ज्या गिऱ्हाइकांच्या कामात ती बसवली आहे त्यांची यादी काढून, कुणाकडे कोणती आवृत्ती आहे ते प्रत्येकाला एका ईमेलने कळवा.